नाकातल्या स्प्रेने प्रतिकारशक्ती जाते का?

पत्र : मी ४१ वर्षांची, सुदामानगर, इंदूरला राहते. दरवर्षी होळीच्या सुमारास सुरू होतं : उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, आणि रात्री नाक असं चोंदतं की तोंडाने श्वास घ्यावा लागतो. वर्षाचा गहू भरायच्या दिवसांत तर हाल विचारू नका. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी जानेवारीच्या मध्यात स्टेरॉइडचा स्प्रे दिला : फ्ल्युटिकासोन फ्युरोएट, रोज दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे, तीन महिने. सासूबाई म्हणतात, स्टेरॉइडने अंगातली रोगाशी लढायची ताकद जाते. कोरोनानंतर आमच्या ओळखीतल्या एकांना काळी बुरशी झाली, ती स्टेरॉइडमुळेच, असं सगळे म्हणायचे. म्हणून मी जेव्हा फार त्रास होतो तेव्हाच मारते. बाटली अजून अर्धी आहे. फरक काही नाही, उलट दोनदा घोळणा फुटला. रात्री मेडिकलवरून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब घालते, त्यानेच झोप लागते. आता नऊ वर्षांच्या मुलालाही तोच स्प्रे लिहून दिलाय. देऊ का नको?

उत्तर : ताई, आधी त्या अर्ध्या बाटलीचा हिशेब करू. बाटलीत १२० फवारे असतात. रोज चार म्हणजे बरोबर ३० दिवस. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत अडीच महिन्यांत तुमचे साठ फवारे झाले, म्हणजे पंधरा दिवसांचं औषध, तेही तुटक-तुटक. तेव्हा ‘स्प्रेने फरक नाही’ हा निष्कर्ष अजून काढता येत नाही. अशा तऱ्हेने घेतलेला हा स्प्रे काम करूच शकत नाही. का, ते कळलं की सासूबाईंच्या शंकेचंही उत्तर त्यातच मिळेल.

गहू चाळताना जी धूळ उडते तिच्यात कोंडा, परागकण, बुरशीचे बीजाणू आणि साठवणीतल्या किड्यांचे, माइटचे (डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांचे) अवशेष असतात. ज्याला ॲलर्जी नाही त्याचं नाक ही धूळ शेंबडात गुंडाळतं आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने दहा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलून देतं. काम संपलं. तुमच्या नाकात आधी कधीतरी वेगळं घडलेलं आहे. अस्तरातल्या पहारेकरी पेशींनी यातलं एखादं प्रथिन उचललं, ते टी-पेशींना ‘हा शत्रू’ म्हणून दाखवलं, आणि त्या टी-पेशींनी इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३ असे संदेश सोडून बी-पेशींकडून आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून घेतली. ही आयजीई नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तीच धूळ आली, दोन शेजारच्या आयजीई तिने जोडल्या, की मास्ट पेशी फुटल्यासारखी आपला साठा बाहेर टाकते. त्यातलं मुख्य हिस्टामिन. काही मिनिटांत शिंका, खाज, पाणी.

इथवरचं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. दुसरी लाट मात्र कुणी सांगत नाही, आणि तुमची रात्रीची तक्रार तिचीच आहे. पहिल्या झटक्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी इंटरल्यूकिन-५ सारख्या संदेशांनी रक्तातून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ओढल्या जातात. त्या अस्तरात ठाण मांडतात, त्यांची रसायनं सूज वाढवतात, नाकातल्या आडव्या मांसल पट्ट्या फुगतात आणि वाट बंद होते. सकाळी गहू चाळला की रात्री नाक बंद, ते असं. असं रोज होत राहिलं की नाक इतकं तापतं की पुढे चिमूटभर धुळीनेही तेवढाच त्रास होतो. पहिल्या दिवशी पोतं उघडल्यावर शिंका येतात आणि आठव्या दिवशी नुसतं कोठीचं झाकण उचललं तरी येतात, हा अनुभव तुम्हाला असेलच.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या मुख्यतः पहिल्या लाटेवर काम करतात. शिंका थांबतात, चोंदलेपण फारसं हटत नाही. स्टेरॉइडचा स्प्रे नियमित घेतला तर दोन्हींवर काम करतो. त्याचा रेणू पेशीच्या आत शिरतो, तिथल्या ठरावीक रिसेप्टरला चिकटतो आणि त्याच्यासह पेशीच्या केंद्रात जातो. तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचा एक खटका असतो, सूज वाढवणाऱ्या कितीतरी प्रथिनांचं उत्पादन त्याच्यावर चालतं. औषध तो दाबून ठेवतं. ते इंटरल्यूकिन संदेश कमी बनतात, इओसिनोफिल कमी येतात आणि आलेले लवकर मरतात, अस्तराच्या वरच्या थरात जमणाऱ्या मास्ट पेशी आणि त्या पहारेकरी पेशींची संख्या उतरते. पण कारखाना बंद केल्यावरही आधी तयार झालेला माल संपायला वेळ लागतोच. थोडा आराम बारा तासांत वाटू शकतो, खरा परिणाम रोज घेतल्यावर एक ते दोन आठवड्यांनी दिसतो. ‘त्रास झाला की मारा’ हा हिशेब नाक मोकळं करणाऱ्या थेंबांना लागू पडतो, याला नाही.

म्हणजे प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो का? होतो, आणि तो व्हावा म्हणूनच औषध दिलंय. पण कुठल्या भागावर आणि कुठे, हा प्रश्न आहे. सासूबाईंच्या मनात प्रतिकारशक्ती म्हणजे एक टाकी : भरलेली चांगली, रिकामी वाईट. तुमचा आजार टाकी रिकामी असल्याचा मुळीच नाही, नाकातली एक शाखा नको तिथे धावत सुटल्याचा आहे. (‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे पिऊन ॲलर्जी बरी करायला निघालेल्यांनी नेमकं काय वाढवायचं ते आधी ठरवावं.) स्प्रे ती शाखा, फक्त नाकाच्या अस्तरात, शांत करतो. लसींमुळे तयार झालेली प्रतिपिंडं तशीच राहतात. लस घ्यायची असेल तर स्प्रे थांबवावा लागत नाही. रक्तातली आयजीईसुद्धा स्प्रेने नाहीशी होत नाही, म्हणून ‘स्प्रे चालू आहे, तरी आयजीईचा रिपोर्ट जास्तच’ याने घाबरू नका आणि त्यासाठी पुन्हापुन्हा रक्त तपासू नका. नाकाचं नेहमीचं संरक्षण, म्हणजे शेंबडाचा थर आणि त्याला ढकलणारे ते सूक्ष्म केस, तेही टिकतं. वर्षभर मोमेटासोन (नाकातलं असंच दुसरं स्टेरॉइड) घेतलेल्यांच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहेत. अस्तर झिजल्याचं दिसलं नाही, उलट सुजेने बिघडलेला वरचा थर सुधारलेला दिसला.

आता मात्रेकडे या, कारण भीती खरी तिथली आहे. तुमच्या एका फवाऱ्यात २७.५ मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम) औषध आहे. चार फवारे म्हणजे ११० मायक्रोग्रॅम. एकही दिवस न चुकता वर्षभर घेतला तर बाटलीतून बाहेर पडणारं एकूण औषध होतं सुमारे ४० मिलिग्रॅम. सीझन सुरू झाला की काही जण एक ‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ घेऊन येतात ना, त्या ट्रायमसिनोलोन नावाच्या स्टेरॉइडच्या एकाच सुईत बहुधा ४० मिलिग्रॅम असतात आणि ते सगळं अंगात जातं, आठवडे रेंगाळतं. तुमच्या स्प्रेतलं रक्तात पोचतं साधारण अर्धा टक्का, कारण घशातून पोटात गेलेला भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. वर्षाच्या चाळीस मिलिग्रॅममधले ०.२. वजनाची ही तुलना तंतोतंत न्याय्य नाही, फ्ल्युटिकासोन वजनामागे जास्त जोरकस आहे, तरी अंतर केवढं आहे ते कळतं. मोमेटासोनचं रक्तात जाणारं प्रमाण एक टक्क्याहून कमी, फ्ल्युटिकासोन प्रोपिओनेटचं दोन टक्क्यांहून कमी. जुन्या बेक्लोमेथासोनचं मात्र चाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि बेटामेथासोनचे नाकात घालायचे थेंबही अंगात बऱ्यापैकी उतरतात. सगळे ‘नाकातले स्टेरॉइड’ एका मापाचे नाहीत, हे लक्षात ठेवा.

काळ्या बुरशीचं भय इंदूरकरांना कोणी शिकवायला नको. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराजा यशवंतराव हॉस्पिटलात त्या रुग्णांची काय गर्दी होती ते सगळ्यांनी पाहिलंय. पण त्या रुग्णांचं चित्र आठवा : बहुतेकांची साखर आटोक्याबाहेर गेलेली, कोविडने शरीर खचलेलं, आणि स्टेरॉइड मिळालं ते शिरेतून किंवा गोळ्यांतून, रोज कित्येक मिलिग्रॅम, काहींना गरजेपेक्षा जास्त दिवस. त्याने साखर आणखी चढली, रक्तातल्या लढाऊ पेशी मंदावल्या. ज्या स्टेरॉइडने संपूर्ण अंगाची प्रतिकारशक्ती दबते ते हे : रोज वीस मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन (पोटात घ्यायचं स्टेरॉइड), चौदा दिवस किंवा अधिक. जिवंत विषाणूची लस पुढे ढकलण्यासाठीही डॉक्टर साधारण हीच मर्यादा धरतात. ॲलर्जीचा स्प्रे त्या यादीत बसत नाही.

जपायला हवं अशा जागा आहेत, त्या लपवत नाही. घरात कुणाला किंवा तुम्हाला टीबी झालेला असेल, उपचार चालू किंवा अर्धवट सुटलेले असतील, तर स्प्रे लिहिणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. डोळ्याचा हर्पीस, काचबिंदू, मोतीबिंदू असेल तरी सांगा, वर्षानुवर्षं घेणार असाल तर डोळे तपासून घ्या. नाकाचं ऑपरेशन ताजं असेल किंवा नाकाच्या मधल्या पडद्यावर व्रण असेल तर तो भरेपर्यंत थांबायचं. एचआयव्हीच्या औषधांतलं रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट, बुरशीवरचं इट्राकोनाझोल किंवा कीटोकोनाझोल : ही चालू असताना यकृताची ती पहिली फेरीच बंद पडते, मग तो ‘अर्धा टक्का’ अर्धा टक्का राहत नाही. रिटोनाव्हिरबरोबर नाकातला फ्ल्युटिकासोन घेऊन चेहरा सुजण्यापर्यंत मजल गेलेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. गजकर्णावर इट्राकोनाझोल हल्ली सर्रास दिलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दम्याचा पंप आणि त्वचेवरचं स्टेरॉइड मलमही चालू असेल तर तिन्हींची गोळाबेरीज डॉक्टरांपुढे ठेवा.

तुमचा घोळणा दोनदा फुटला तो औषध ‘गरम’ पडलं म्हणून नव्हे. बऱ्याच जणांची चूक असते तीच झाली असणार : उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारणं. उजवा हात उजव्या बाजूला नेलात की टोक आपोआप मधल्या पडद्याकडे वळतं. पडद्याच्या पुढच्या भागात अगदी पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, फवारा रोज तिथेच आदळतो, ती जागा कोरडी पडते, खपली धरते, आणि कोरड्या हवेत ती निघाली की रक्त.

हात उलटा करा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. नाक हलकं शिंकरून घ्या. बाटली हलवा. नवी असेल तर फवारा बारीक, एकसारखा येईपर्यंत हवेत दाबा (या औषधाला साधारण सहा वेळा, आत ठेवलेलं पत्रक बघा, प्रत्येक पंपाचं वेगळं असतं). महिनाभर पडून राहिली असेल तरी पुन्हा तेच. मान किंचित पुढे झुकवा, पायाकडे बघताना झुकते तितकी. छताकडे बघू नका. टोक नाकपुडीत जरासंच घालायचं, रोख त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. दाबा आणि फुलाचा वास घेताना घेतो तेवढाच श्वास आत घ्या. इथे दुसरी मोठी चूक होते : लोक तपकीर ओढल्यासारखं जोरात खेचतात. घशात कडवट चव उतरली, म्हणजे औषध नाकात न राहता पोटात गेलं. दुसरा फवारा टोक किंचित वर वळवून. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका. टोक कापडाने पुसून झाकण लावा. छिद्र बुजलं तर सुई घालू नका, छिद्र मोठं होऊन मात्रा बिघडते. निघत असेल तर टोक काढून कोमट पाण्यात ठेवा.

शेंबूड दाट असेल तर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. किमान एक मिनिट उकळून थंड केलेलं २४० मिली पाणी, त्यात अर्धा चमचा साधं मीठ. आयोडीन नसलेलं मिळालं तर कमी झोंबतं. नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही, त्यातले काही अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतात. धुतल्यावर दहा मिनिटं थांबून स्प्रे. सकाळी नाकात तेलाचे थेंब घालायची सवय असेल तर स्प्रे आधी, तेल बऱ्याच वेळाने. तेलाच्या थरावर पडलेलं औषध अस्तराला लागणार कसं?

रक्त पुन्हा आलं तर त्या बाजूचा स्प्रे दोन-तीन दिवस बंद ठेवा, पडद्याला आतून कापसाने थोडी पेट्रोलियम जेली लावा, आणि मग उलट्या हाताने पुन्हा सुरू करा. वारंवार आलं, खपल्या जाड होत गेल्या किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर डॉक्टरांना पडदा दाखवा. भोक पडणं दुर्मीळ आहे, पण ते टॉर्चने दिसतं, अंदाजाने नाही.

तुमच्या पत्रातली आम्हाला खटकलेली गोष्ट स्प्रे नाहीच, ते रात्रीचे थेंब आहेत. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन रक्तवाहिन्या आकसवतात, पाच मिनिटांत नाक उघडतं. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे रोज घातले की असर ओसरल्यावर सूज आधीपेक्षा जास्त येते, पुन्हा थेंब, पुन्हा सूज. तुमची अर्धी चोंद आता ॲलर्जीची नसून या थेंबांची असू शकते. स्टेरॉइडची भीती अशी की सुरक्षित बाटली कपाटात आणि ही उशाशी! सोडायची एक सोपी रीत आहे. स्प्रे रोज सुरू करा, आठवड्याने एका नाकपुडीतले थेंब बंद करा. दुसरीने झोप लागेल. ती बाजू पाच-सात दिवसांत मोकळी वाटू लागली की दुसरीही बंद.

मुलाचं. नऊ वर्षांच्या मुलाला या औषधाची सुरुवातीची मात्रा तुमच्या निम्मी असते : दोन्ही बाजूंना एक-एक फवारा, दिवसाचे ५५ मायक्रोग्रॅम. चिठ्ठीवर किती लिहिलंय ते बघा, आणि त्याची बाटली वेगळी ठेवा. उंचीबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. पाच ते साडेआठ वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज ११० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्यांची मात्रा, देऊन मोजलं तेव्हा वाढ वर्षाला ०.२७ सेंटिमीटर कमी भरली. बेक्लोमेथासोनच्या जुन्या पाहणीत हा फरक ०.९ सेंटिमीटर होता, मोमेटासोनच्या वर्षभराच्या पाहणीत वाढ घटल्याचं आढळलं नाही. म्हणून लहानांत कमीत कमी मात्रा, सीझनपुरती, आणि दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलची खूण. नाक बंद असलेलं मूल तोंडाने श्वास घेत झोपतं, घोरतं, वर्गात पेंगतं, त्याचीही किंमत असते. सोबत मॉन्टेलुकास्ट ही ॲलर्जीवरची गोळी दिली असेल तर स्वभावावर लक्ष ठेवा : चिडचिड, भयानक स्वप्नं, उदासी दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे.

गहू अजून यायचा आहे ना? मग आजपासून रोज घेतलंत तर पोती घरात येईपर्यंत नाक तयार होईल. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यालाच सुरू करा, रंगपंचमीच्या गेरचा (इंदूरच्या मिरवणुकीचा) गुलाल उडायच्या आधी दोन-तीन आठवडे मिळतील. चाळण-पाखडण शक्य असेल तर दुसऱ्याकडे द्या. नसेल तर गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून, एन-९५ मास्क नाकाच्या दांडीशी दाबून. काम झालं की आंघोळ, कपडे बदलून नाक धुणं. कूलरचे गवताचे पॅड मागच्या वर्षीचे असतील तर चालू करण्याआधी बदला, त्यातली बुरशी पहिल्याच दिवशी खोलीभर होते.

सीझन संपल्यावर, साधारण मेअखेर, स्प्रे एकदम बंद करता येतो, गोळ्यांसारखा उतरवत न्यावा लागत नाही. काही दिवस-आठवड्यांत नाक पुन्हा पूर्वीसारखं होतं, कारण मुळातली ॲलर्जी आहे तिथेच आहे. ती बदलायची असेल तर इम्युनोथेरपी (ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला त्याची सवय लावणं), किमान तीन वर्षांची, त्याआधी त्वचेवरची चाचणी. चाचणीसाठी सेटिरिझिनसारख्या गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. दोन-तीन आठवडे नेमाने, उलट्या हाताने घेऊनही आराम पडला नाही, किंवा एकाच बाजूचं नाक सतत बंद, एकाच बाजूने रक्त किंवा वास येणारं पाणी, गाल-डोळ्याभोवती दुखणं असेल, तर ही ॲलर्जी नसेलही. दुर्बिणीने नाक बघून घ्या. आणि नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. १२० फवारे झाले की तळाशी थोडं औषध दिसलं तरी टाकून द्या, त्यानंतरच्या फवाऱ्यात नेमकी मात्रा येत नाही.